जाळीच्या आत

एप्रिल लागला की पाचपावलीपासून पुढे
माझी सायकल कमी, शिडीच जास्त दिसते.
खिडकीबाहेर, गच्चीवर, विटांवर टेकलेले
या गावाचे कूलर मी पाठीमागून ओळखतो:
कुणाची टाकी गंजली, कुणाचा पंप कण्हतो,
कुणी गेल्या दिवाळीपासून पाणीच काढलं नाही.

काम शिकवलं तांडापेठेतल्या हेडाऊमास्तरांनी.
शाळेचे मास्तर नव्हेत.
घरचा माग थांबला तेव्हा त्यांनी पाना हातात घेतला,
पण बोटं विणकराचीच राहिली.
जाळीत गवत भरताना अशी चालायची
जणू एक काडी चुकली तर किनार बिघडेल.

जाळीच्या आत कुणी पाहत नाही.
सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.
जुनं गवत उलटं करा, वर मूठभर नवं पसरा,
पाण्याचा फवारा मारा,
आणि बिलावर लिहा: तीन ताट्या, नव्या.
मास्तर हे करत नसत.
एकदा मी कारण विचारलं.
"काहून करू बे?" म्हणाले,
आणि चार नंबरचा स्क्रू मागितला.

गेल्या मे महिन्यात, नंदनवनात,
देवकाबाई गजभियेंच्या घरी मी ते केलं.
मेयोतून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या.
पारा सेहेचाळीसवर, बाजारात खस महाग,
खिशात पोरीच्या प्रवेशाची पावती, अर्धीच भरलेली.
कारणं खोटी नव्हती. ताट्या होत्या.

कूलर सुरू झाला.
बाई समोर उभ्या राहिल्या, डोळे मिटून, बराच वेळ.
मग नोटा मोजून दिल्या, थंड पाणी दिलं,
वर गुळाचा खडा.
तो मी तोंडात टाकला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला,
तिथे तो संध्याकाळपर्यंत वितळला.

रात्री गच्चीवर झोप आली नाही.
उकाड्यामुळे असेल.
बायकोने विचारलं, खिशाला मुंग्या कशा लागल्या?
मी म्हटलं, झोप.

दुसऱ्या दुपारी इतवारीतून खस घेतली, घरच्या पैशाने,
आणि पुन्हा शिडी लावली.
"कंपनीचा माल खराब निघाला, बदलून देतो," म्हणालो.
कसली कंपनी! खस पोत्यातून येते.
म्हणजे एक खोटं निस्तरायला मी दुसरं सोबत घेऊन गेलो होतो,
हे मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर समजलं.
तरी खाली उतरून खरं बोललो नाही.

त्या दाराशीच बसल्या, लसूण सोलत.
पाणी ताट्यांतून उतरलं, पंखा फिरला,
आणि खोलीभर तो वास सुटला,
ओल्या मातीला जुनी ओळख असावी तसा.
"काल हा वास नव्हता आला," बाई म्हणाल्या.
"मग बोलल्या काहून नाही?"
"वाटलं, याल तुमी."
थोड्या वेळाने म्हणाल्या, "नसते आले तरी उन्हाळा निघालाच असता न."
लसणाची सालं सुपात भरून त्या आत गेल्या.

या गोष्टीने मी सुधारलो असं लिहायला हात धजत नाही.
हात तर अजूनही जाळीपाशी थांबतो,
प्रत्येक घरी, एक क्षण,
आणि जुनं गवत चांगलंच वाटतं त्या क्षणी,
अजून एक उन्हाळा सहज काढेल असं.

यंदा सोबत नवा पोरगा आहे, रितिक निमजे.
परवा हसनबागेत त्याने विचारलं,
"भाऊ, उलटं करून टाकू का?"
मी त्याला देवकाबाई सांगायला लागलो,
मास्तर, मुंग्या, गूळ, सगळं.
मोबाईलमधून त्याची मान वर आली नाही.
मग मी गप्प झालो.
तिन्ही जाळ्या उघडल्या, जुनं गवत ओढून काढलं,
कोपऱ्यात चिकटलेलं पान्याच्या टोकाने खरवडलं.
रितिक मोबाईल खिशात ठेवून बघत होता, की ऊन टाळत होता,
सांगता येत नाही.

गवताचा ढीग रस्त्याकडेला पडला.
एका शेळीने येऊन तो हुंगला,
आणि तोंड फिरवलं.